पागेतला वडीलधारा घोडा

१९३६ सालच्या ऑगस्ट महिन्यातली गोष्ट. अमेरिकेत चार्ल्स हॉवर्ड नावाच्या मोटारगाड्यांच्या एका व्यापाऱ्याने शर्यतीचा एक तीन वर्षांचा घोडा आठ हजार डॉलरना विकत घेतला. घोड्याचे नाव सीबिस्किट. त्याचा आजा मॅन ओ' वॉर हा शर्यतींच्या इतिहासातला एक नामांकित घोडा. नातवाची अवस्था मात्र फारशी बरी नव्हती. १९३५ या एकाच वर्षात, जेमतेम दोन वर्षांचा असताना, त्याला पस्तीस शर्यतींत पळवले होते. नव्या पागेत आला तेव्हा तो अंगाने उतरलेला होता. ठाणात सारख्या येरझारा घाली, चंदीला नीट तोंड लावत नसे आणि मोतद्दार जवळ गेला की अंगावर येई.

टॉम स्मिथ हे त्याचे नवे प्रशिक्षक. बुजऱ्या घोड्याच्या सोबतीला बकरी बांधायची रीत अमेरिकेतल्या शर्यतींच्या पागांत जुनीच आहे. स्मिथ यांनी आधी तीच करून पाहिली. सीबिस्किटने त्या बकरीला दातांत धरून हिसडले आणि ठाणाबाहेर टाकून दिले. मग स्मिथ यांनी पंपकिन नावाचा एक पिवळसर रंगाचा घोडा आणला. हा गुरे वळण्याच्या कामात मुरलेला, सहसा न बुजणारा घोडा होता. दोन ठाणांमधली भिंत काढून टाकली आणि दोघांना एकत्र ठेवले. ही जोडी जमली ती कायमची. पुढे सीबिस्किट जिथे जिथे शर्यतीला गेला, तिथे तिथे पंपकिन त्याच्याबरोबर गेला. १ नोव्हेंबर १९३८ रोजी बाल्टिमोरच्या पिमलिको मैदानावर सीबिस्किटने वॉर अ‍ॅडमिरल या त्या वेळच्या अव्वल घोड्याला हरवले, हे घोड्यांच्या शौकिनांना ठाऊक असतेच. त्याच्या ठाणातल्या त्या शांत सोबत्याची आठवण मात्र थोड्यांनाच असते.

ही गोष्ट ऐकली की आपण लगेच म्हणतो, "पाहा, वडीलधाऱ्या सोबत्याने घोडा शांत केला!" पण विज्ञानाच्या शिक्षकाने इथे क्षणभर थांबले पाहिजे. स्मिथ यांनी केवळ सोबती बदलला नव्हता. त्यांनी खाणे बदलले, विश्रांती दिली, हाताळण्याची पद्धत बदलली. यांपैकी नेमका कशाचा गुण आला? एका घोड्यावरून हे कधीच सांगता येणार नाही. "पागेत एक शांत, जाणता घोडा असावा" हा घोडेवाल्यांचा अनुभव अनेक देशांत ऐकू येतो. हा अनुभव कितपत खरा आहे आणि खरा असेल तर त्यामागची कारणे कोणती, हे या लेखात आपण पाहणार आहोत.

प्रश्न केवळ कुतूहलाचा नाही. काही वर्षांपूर्वी आम्ही एका पागेत गेलो होतो. नाव सांगण्याचे कारण नाही. तिथे नुकतीच दूध तोडलेली सहा शिंगरे एका मोठ्या खोलीत कोंडलेली होती. बाजूच्या आवारात बावीस वर्षांची एक घोडी उन्हात उभी होती. आम्ही चौकशी केली तेव्हा उत्तर मिळाले, "ती आता गाभण राहत नाही, बसून खाते. पुढच्या महिन्यात काढून टाकायची आहे." पुन्हा गेलो तेव्हा घोडी नव्हती. शिंगरांनी खोलीच्या लाकडी दाराची कड कुरतडून आत वाकवली होती. त्या कुरतडलेल्या दाराचा अर्थ त्या वेळी आम्हांला पुरता लागला नव्हता.

कळपात जन्मलेला प्राणी

घोडा हा शिकार होणारा प्राणी आहे. त्याच्या शरीराची सगळी ठेवण धोका लवकर ओळखून पळून जाण्यासाठी आहे. डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्यामुळे मान न वळवता त्याला जवळजवळ सभोवारचे दिसते. थेट पाठीमागचा आणि नाकासमोरचा अगदी जवळचा एवढाच भाग नजरेतून सुटतो. कान स्वतंत्रपणे वेगवेगळ्या दिशांना फिरतात. शिंगरू जन्मल्यावर साधारण तासाभरात उभे राहते आणि थोड्याच वेळात आईमागे पळू शकते. पळण्यावरच ज्याचा जीव अवलंबून आहे, त्याने दहा वेळा विनाकारण पळालेले परवडते, पण एकदा पळायचे राहून गेलेले परवडत नाही. घोड्याचे बुजणे हा त्याचा दुर्गुण नव्हे. उत्क्रांतीच्या दीर्घ काळात जमलेली ती पुंजी आहे.

पण सतत पळत राहिले तर चरायचे कधी? रानात घोडा दिवसाचा बहुतेक वेळ चरण्यात घालवतो. हा पेच कळपाने सुटतो. मोकळ्या रानात राहणाऱ्या घोड्यांच्या कुटुंबात सामान्यतः एक नर, काही माद्या आणि त्यांची पिल्ले असतात. पहाऱ्याचे काम वाटले जाते. एकाने मान वर केली की बाकीचे सावध होतात. त्याने पुन्हा मान खाली घालून गवत ओढायला सुरुवात केली की बाकीचेही चरू लागतात. "धोका आहे" या निरोपाइतकाच "धोका नाही" हा निरोपही महत्त्वाचा असतो, आणि तो देणारा सोबती जवळ नसेल तर सगळा पहारा एकट्यालाच करावा लागतो. कोंडलेला एकटा घोडा अस्वस्थ का होतो, याचे एक मोठे कारण हे आहे.

शिंगरू या कुटुंबात दोन-तीन वर्षांचे होईपर्यंत राहते. म्हणजे त्याचे बालपण आणि पौगंडावस्था वेगवेगळ्या वयांच्या घोड्यांमध्ये जाते. आपल्या पागांत मात्र शिंगरांना एकदम आयांपासून तोडून एका वयाच्या टोळीत ठेवण्याची पद्धत आहे. हा फरक ध्यानात ठेवावा. पुढे त्याचे काम पडणार आहे.

कानांची भाषा

एक घोडा दुसऱ्याच्या मनःस्थितीचा अंदाज कशावरून घेतो? इंग्लंडमधील ससेक्स विद्यापीठाच्या जेनिफर वॉदन आणि कॅरन मॅक्कोम यांनी २०१४ साली एक सुटसुटीत प्रयोग प्रसिद्ध केला. घोड्यापुढे दोन बादल्या ठेवल्या. त्यांच्यामध्ये दुसऱ्या एका घोड्याचे छायाचित्र उभे केले. छायाचित्रातला घोडा दोहोंपैकी एका बादलीकडे पाहत होता. प्रयोगातला घोडा बहुधा त्याच बादलीकडे जाई. मग छायाचित्रातल्या घोड्याचे कान झाकले. घोड्याची निवड अंदाजपंचे होऊ लागली. डोळे झाकले तेव्हाही तसेच झाले. म्हणजे दुसऱ्याचे लक्ष कुठे आहे हे घोडा त्याच्या डोळ्यांवरून आणि कानांवरून वाचतो. माणसाला कान हलवता येत नाहीत, म्हणून आपले या भाषेकडे दुर्लक्ष होते.

आता असे समजा की पागेच्या छपरावर वाऱ्याने पत्रा वाजला. नवखे शिंगरू दचकते आणि लगेच शेजारच्या घोड्याकडे पाहते. शेजारचाही शिंगरूच असेल तर तोही कान टवकारून, मान ताठ करून उभा असतो. दोघे एकमेकांच्या भीतीचा पुरावा एकमेकांना देतात आणि भीती वाढत जाते. शेजारी जाणता घोडा असेल तर त्याचा एक कान पत्र्याकडे वळतो, पुन्हा सैल पडतो आणि तोंड वैरणीतच राहते. हा घोडा शिंगराला काही शिकवत नसतो. तो फक्त वैरण खात असतो. पण त्याचे खाणे हाच शिंगरासाठी निरोप असतो.

भीती मोजायची कशी?

"शांत झाला" म्हणजे काय, हे मोजता आले तरच प्रयोग करता येतो. भीती वाटताच शरीरात दोन यंत्रणा कामाला लागतात. पहिली स्वायत्त मज्जासंस्थेची. ती क्षणार्धात हृदयाचे ठोके वाढवते. विश्रांतीत मोठ्या घोड्याचे हृदय मिनिटाला साधारण २८ ते ४४ वेळा धडधडते. भरधाव पळताना हाच आकडा २०० च्या वर जातो. घोडा जागचा हलला नाही तरी भीतीने ठोके वाढतात, म्हणून छातीला पट्ट्याने बांधलेले ठोकामापक यंत्र फार उपयोगी पडते. वरून शांत दिसणारा घोडा आतून घाबरलेला असेल तर ते यंत्र सांगते.

दुसरी यंत्रणा सावकाश चालते. मेंदूतील अधश्चेतकाकडून पीयूषिका ग्रंथीला आणि तिच्याकडून मूत्रपिंडाजवळच्या अधिवृक्क ग्रंथींना संदेश जातो, आणि रक्तात कॉर्टिसॉल हे संप्रेरक वाढते. कॉर्टिसॉल थोड्या काळापुरते उपकारक असते, कारण ते शरीरातील साठवलेली ऊर्जा मोकळी करते. दीर्घकाळ वाढलेले राहिले तर मात्र वाढ खुंटणे, रोगप्रतिकारशक्ती घटणे असे परिणाम होतात. कॉर्टिसॉल लाळेतही उतरते. त्यामुळे सुई न टोचता, कापसाच्या बोळ्याने लाळ घेऊन ते मोजता येते. सुई टोचूनच ताण मोजायचा म्हटले तर टोचण्याचाच ताण मोजला जाण्याची भीती असते, हे विद्यार्थ्यांना आवर्जून सांगण्यासारखे आहे.

स्पर्शाचाही हृदयावर परिणाम होतो. घोडे एकमेकांसमोर उभे राहून दातांनी एकमेकांची मान आणि खांदे खाजवतात, हे पुष्कळांनी पाहिले असेल. १९९३ साली क्लोडिया फे आणि जान द माझिएर यांनी फ्रान्सच्या कामार्ग भागातील घोड्यांवर एक प्रयोग केला. घोडे जिथे एकमेकांना नेहमी खाजवतात, तिथे म्हणजे मानेच्या बुडाशी, त्यांनी हाताने खाजवले. ठोके मंदावले. शरीराच्या दुसऱ्या एका भागावर तसेच खाजवले तेव्हा ते मंदावले नाहीत. सोबतीचे मोल केवळ डोळ्यांना दिसण्यात नाही. ते असे अंगाला अंग लागण्यातही आहे.

शांत सोबती आणि नवखा घोडा

आता मुख्य प्रश्नाकडे येऊ. डेन्मार्कमधील यान्ने विंटर क्रिस्टेन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग या विषयात महत्त्वाचा मानला जातो. त्यांनी नवख्या तरुण घोड्यांना जोडीदारासह एका भीतीदायक प्रसंगाला सामोरे नेले. सोबत सर्वांनाच होती. फरक सोबत्यात होता. काही घोड्यांचे सोबती त्या प्रसंगाला आधीच सरावलेले होते, तर काहींचे सोबती स्वतःच नवखे होते. सरावलेल्या सोबत्याबरोबर असलेले घोडे कमी बुजले आणि त्यांच्या हृदयाचे ठोकेही कमी वाढले. पुढे हेच घोडे एकटे त्या प्रसंगाला सामोरे गेले तेव्हाही हा फरक टिकून होता. म्हणजे सोबती निघून गेल्यावरही त्याच्याजवळ असताना आलेला अनुभव मागे राहिला होता.

क्रिस्टेन्सन यांनी २०१६ साली आयांवर आणि शिंगरांवर केलेला आणखी एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही घोड्यांना आधी निरनिराळ्या अनोळखी वस्तूंची सवय करून दिली. मग त्यांची शिंगरे जन्मल्यावर पहिल्या आठ आठवड्यांत आईच्या सोबतीने त्या वस्तूंजवळ गेली. ही शिंगरे पाच महिन्यांची झाल्यावरही इतर शिंगरांपेक्षा नव्या वस्तूंना कमी घाबरत होती. आईने त्यांना काही समजावले नव्हते. ती फक्त त्या वस्तूंजवळ निवांत उभी राहिली होती.

दूध तोडण्याचे दिवस

शिंगराच्या आयुष्यातला सर्वांत कठीण काळ दूध तोडण्याचा. रानात घोडी पुढचे पिल्लू जन्मण्याच्या सुमारास, म्हणजे शिंगरू नऊ-दहा महिन्यांचे झाल्यावर हळूहळू पाजणे बंद करते, आणि त्यानंतरही शिंगरू तिच्याजवळच राहते. पागेत हे बहुधा चार ते सहा महिन्यांत आणि एका दिवसात उरकले जाते. शिंगरे तासन्‌तास खिंकाळतात, भिंतीशी येरझारा घालतात, दारावर आदळून जखमी होतात. अनेक वाईट सवयींचे मूळ या दिवसांत असते.

फ्रान्समधील रेन विद्यापीठात मार्टीन हाउसबर्गर यांच्या गटाने घोड्यांच्या वर्तनावर दीर्घकाळ काम केले आहे. या गटातील सेव्हरीन आँरी आणि सहकाऱ्यांनी २०१२ साली नेमका हा प्रश्न हाती घेतला. काही शिंगरांना दूध तोडल्यावर नेहमीप्रमाणे समवयस्कांबरोबर ठेवले. काहींच्या गटात दोन मोठ्या घोड्या सोडल्या. या घोड्या शिंगरांच्या नात्यातल्या नव्हत्या. ताण दोन्ही गटांत आला, कारण आई कोणालाच परत मिळाली नव्हती. पण मोठ्या घोड्यांच्या सोबतीत असलेल्या शिंगरांत खिंकाळणे आणि लाळेतील कॉर्टिसॉलची वाढ, ही दोन्ही लक्षणे सौम्य होती. केवळ समवयस्कांत ठेवलेल्या शिंगरांत मात्र एकमेकांवर धावून जाणे वाढले. एकमेकांच्या अंगाला चोखणे आणि लाकूड अति कुरतडणे या विकृत सवयीही त्याच गटात दिसल्या.

लाकूड कुरतडणे! हा निष्कर्ष वाचला तेव्हा आम्हांला त्या पागेतले दार आठवले. अर्थात ते दार पुरावा नव्हे. तिथली शिंगरे भुकेने किंवा कंटाळ्यानेही लाकूड कुरतडत असतील. तुलनेसाठी दुसरा गट तिथे नव्हता. तो रेनच्या प्रयोगात होता, आणि म्हणूनच त्या प्रयोगाला किंमत आहे. पण एक गोष्ट खरी. ज्या उपायाने निदान काही ताण कमी होण्याचा संभव होता, तो उपाय त्या दिवशी पन्नास पावलांवर उन्हात उभा होता.

नुसता धीर नव्हे, शिस्तही

मोठ्यांची सोबत केवळ घाबरलेल्यांसाठीच असते असे नाही. याच फ्रेंच गटातील मारी बुर्जाद आणि सहकाऱ्यांनी २००८ साली एक-दोन वर्षांच्या घोड्यांच्या समवयस्क टोळ्यांमध्ये मोठे घोडे सोडून पाहिले. तरुणांमधली भांडणे कमी झाली आणि सलोख्याचे वर्तन वाढले. मोठा घोडा यासाठी फार काही करत नाही. कान मागे पाडतो, मान लांब करतो, क्वचित चावल्यासारखे करतो आणि लगेच शांत होतो. इशारा केव्हा द्यायचा आणि केव्हा थांबायचे, हे तरुण घोडा त्याच्याकडून शिकतो. समवयस्कांत हे शिकायला कोणाकडे जायचे? तिथे सगळेच कच्चे.

असाच अनुभव दक्षिण आफ्रिकेत हत्तींच्या बाबतीत आला. क्रूगर उद्यानातील हत्तींची संख्या कमी करताना अनाथ झालेली पिल्ले पिलानेसबर्ग उद्यानात सोडली होती. मोठ्या नरांशिवाय वाढलेले हे हत्ती लवकर माजावर येऊ लागले आणि १९९२ ते १९९७ या काळात त्यांनी चाळीसहून अधिक पांढरे गेंडे मारले. १९९८ साली क्रूगरमधून सहा मोठे नर तिथे आणले. तरुणांचे माजावर राहण्याचे दिवस घटले आणि गेंड्यांचे मरणे थांबले. प्राणी वेगळा, तपशील वेगळा. पण मोठ्यांशिवाय वाढण्याची किंमत दोन्हीकडे दिसते.

वय की स्वभाव?

आता हातचे राखून काही सांगितले पाहिजे. म्हातारा घोडा म्हणजे शांत घोडा असे समीकरण मांडता येत नाही. आयुष्यभर मार खाल्लेला घोडा विसाव्या वर्षीही बुजतो, आणि त्याचे बुजणेही शिंगरू तितक्याच तत्परतेने वाचते. काही म्हाताऱ्या घोड्या पिल्लांना जवळ येऊ देत नाहीत, दुगाण्या झाडतात. तेव्हा मोल वयाचे नाही, त्या वयात जमलेल्या अनुभवाचे आणि स्वभावाचे आहे.

तरी वयाला अर्थ नाही असेही नाही. जर्मनीतील कॉन्स्टान्झ क्रूगर आणि सहकाऱ्यांनी २०१४ साली दाखवले, की दोरी ओढून खाण्याचा खण उघडण्याची युक्ती घोडे दुसऱ्याचे पाहून शिकू शकतात. आणि असे शिकणारे मुख्यतः वयाने लहान व कळपातील खालच्या क्रमांकाचे होते. वय वाढलेल्या घोड्यांना दुसऱ्याकडे पाहून शिकण्याची फारशी उत्सुकता नव्हती. शिकण्याचा ओघ वरून खाली वाहतो, असे यावरून म्हणता येते.

विज्ञानात सगळे पुरावे एकाच बाजूला झुकत नाहीत, हेही विद्यार्थ्यांना कळायला हवे. इंग्लंडमधील क्लेअर रिची-बोनो आणि सहकाऱ्यांचा २०२१ सालचा प्रयोग याचे चांगले उदाहरण आहे. सोबती जवळ असल्याने घोड्याची भीती काही प्रसंगी कमी झाली. पण तो सोबती ओळखीचा आहे की अनोळखी, सरावलेला आहे की नाही, यावरून मात्र फरक पडला नाही. डेन्मार्कच्या निष्कर्षाशी हे पूर्ण जुळत नाही. दोन्ही प्रयोगांतले प्रसंग आणि तुलनेची पद्धत वेगळी होती, हे एक कारण असू शकेल. तूर्त एवढे निश्चित म्हणता येते, की घोड्याला घोड्याची सोबत हवी ही पहिली गरज आहे. सोबती शांत आणि जाणता असणे ही त्यावरची भर आहे, आणि नवख्या व दूध तोडलेल्या जनावरांच्या बाबतीत ही भर मोलाची ठरल्याचे पुरावे आहेत.

व्यवहारातही काही पथ्ये आहेत. बाहेरून आणलेला घोडा थेट कळपात सोडू नये. त्याला आधी काही आठवडे वेगळे ठेवावे, कारण ग्लँडर्ससारखे सांसर्गिक रोग अशा वाटेनेच पागेत शिरतात. ओळख प्रथम कुंपणाआडून करून द्यावी. दोन घोडे सतत जोडीनेच राहिले तर ताटातुटीच्या वेळी दोघेही बेचैन होतात, म्हणून अधूनमधून थोडा वेळ दूर राहण्याची सवय असावी. आणि म्हाताऱ्या घोड्याच्याही गरजा असतात. त्याचे दात झिजतात, चंदी भिजवून मऊ करून द्यावी लागते. सांधे धरतात, दांडग्या तरुणांपासून बाजूला होण्यापुरती जागा लागते. त्याच्याकडून काम घ्यायचे आणि त्याला विसरायचे, असे चालत नाही.

वर्गात आणि वर्गाबाहेर

घोडा पाहायला मिळणे आता सर्वत्र सोपे नाही. माथेरानला सहलीला गेलेल्या किंवा गावात वरातीचा घोडा असलेल्या मुलांना तो जवळून दिसतो. इतरांनी गाई, म्हशी, शेळ्या यांचे निरीक्षण करावे. दोन-दोन मुलांच्या जोड्या कराव्यात. एकाने मोठ्या जनावराचे, दुसऱ्याने पिल्लाचे कान आणि मान पाहावी. दर मिनिटाला एकदा नोंद करावी: मान वर की खाली, कान पुढे, मागे की सैल, तोंड चरते आहे की नाही. एखादा आवाज आपणहून झाला, उदाहरणार्थ मोटारसायकल गेली, तर आधी कोणी मान वर केली आणि कोणी आधी खाली घातली, याची वेगळी नोंद करावी. अर्ध्या तासाच्या नोंदींवरून तक्ता करता येईल. पिल्लू मोठ्याच्या मागोमाग मान खाली घालते का, हे तक्त्यावरून पाहावे. तसे दिसले नाही तरी ती नोंद पुसू नये.

दोन सूचना मात्र पाळाव्यात. जनावराला मुद्दाम घाबरवून प्रयोग करू नये. आणि घोड्याच्या मागून कधीही जाऊ नये. ती जागा त्याला दिसत नाही आणि अनपेक्षित स्पर्शाला तो लाथेने उत्तर देतो. मालक जवळ असेल आणि घोडा शांत असेल तर त्याच्या खालच्या जबड्याच्या आतल्या कडेला बोटे ठेवून नाडी मोजता येते. आपली नाडी मिनिटाला सत्तरच्या आसपास. आपल्यापेक्षा कितीतरी मोठ्या प्राण्याची तिच्या निम्म्याजवळ का, यावर वर्गात एक तास सहज चर्चा होईल.

शेवटी त्या पागेच्या हिशेबाकडे वळू. तिथल्या वहीत त्या घोडीच्या नावापुढे दाणावैरणीचा खर्च मांडलेला होता. जमेची बाजू रिकामी होती, कारण ती शर्यतीत पळत नव्हती आणि शिंगरू देत नव्हती. सहा शिंगरांनी शांतपणे चंदी खाणे, त्यांतले एखादे दारावर आदळून लंगडे न होणे, या गोष्टी वहीत लिहायला रकाना नसतो. न घडलेल्या अपघाताची नोंद कोणीच करत नाही. रेनच्या आणि डेन्मार्कच्या प्रयोगांनी हा रकाना आखून दिला आहे. पागेतली एखादी शांत म्हातारी घोडी काढून टाकण्याआधी मालकाने तो एकदा भरून पाहावा.